तळे भरून मिळणेबाबत

नेरूळला खाडीच्या अंगाला एक तळं आहे. त्याला तीन नावं आहेत. कागदोपत्री ते ‘धारण तलाव क्रमांक ३-ब’. शहर वसवलं तेव्हा पावसाचं पाणी भरतीच्या वेळी घरात शिरू नये, बाहेरच कुठेतरी थांबावं, म्हणून खणलेला तो एक प्रचंड खड्डा. समोरच्या बारा मजली सोसायटीत त्याला ‘लेक’ म्हणतात. खड्ड्यासमोर फ्लॅट घेतला असं कुणी पाहुण्यांना सांगत नाही. आणि शेजारच्या सारसोळे गावची जुनी माणसं त्याला ‘उघाडीचं खाजण’ म्हणतात, खाजण म्हणजे भरतीला बुडणारी जमीन; आणि उघाडीचं, कारण खाडीकडच्या बांधात पाण्यासाठी एक दार आहे आणि तिकडे अशा दाराला उघाडी म्हणतात. भरतीला त्या दारातून थोडं पाणी आत येतं, ओहोटीला बाहेर जातं. शहराच्या नकाशात रस्ते, गटारं, शाळा, स्मशान सगळं दाखवलं होतं. पक्षी दाखवलेले नव्हते. ते आपले आपण आले.

सुभाषराव इंगवले हे ‘लेक’वाल्यांपैकी. सहावा मजला. मूळचे सांगोल्याकडचे, आणि चौतीस वर्षं एका निमसरकारी मंडळात मसुदे लिहिण्यात घालवून निवृत्त झालेले. त्यांच्या मसुद्यात ‘सबब’ आणि ‘तथापि’ यांच्या मध्ये साहेब एकदा सापडला की सही करूनच सुटायचा. निवृत्तीनंतर लिहिण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा वैशालीबाईंनी त्यांना कपडे वाळत घालण्याचं खातं दिलं.

एका एप्रिलच्या दुपारी ते खातं सांभाळत असताना त्यांना खाडीवरून एक गुलाबी कापड उडत येताना दिसलं. लांबच लांब कापड. वाऱ्यावर सळसळत, वर-खाली होत ते सरळ सोसायटीच्या दिशेने येत होतं.

“अगं, कुणाचा तरी मांडव उडाला!” ते ओरडले.

“बारा वाजलेत. डोक्याला रुमाल बांधा,” आतून उत्तर आलं.

कापड तळ्यावर आलं आणि वळलं. वळताना ते एका क्षणात काळं झालं, दुसऱ्या क्षणी पांढरं आणि तिसऱ्या क्षणी असं गुलाबी, की सुभाषरावांच्या दातांतला चिमटा सहा मजले खाली गेला. मग त्या कापडाचे धागे सुटले. प्रत्येक धाग्याला लांब मान होती, लांब पाय होते. हजारो पाय एकामागून एक पाण्याला लागले, दोन-चार पावलं पळाले आणि थांबले. वैशालीबाई लाटणं घेऊन बाहेर आल्या, त्याही तशाच उभ्या राहिल्या. पोळी तव्यावर जळाली. लग्नाला सदतीस वर्षं झाली होती, पण त्या घरात पोळी जळाली आणि कुणी कुणाला काही बोललं नाही असा हा पहिला दिवस.

त्या पक्ष्याला मराठीत रोहित म्हणतात आणि बाकीचं जग फ्लेमिंगो म्हणतं, हे सुभाषरावांना बासष्टाव्या वर्षी कळलं. एवढी वर्षं आपण नक्की काय बघत होतो, असा प्रश्न त्यांना त्या दुपारी पडला. उत्तर ठाऊक होतं. मसुदे बघत होतो.

पुढच्या आठवड्यात त्यांनी दुर्बीण आणली आणि मनस्वीच्या गटात नाव घातलं. मनस्वी तांडेल ही सारसोळ्याची मुलगी, प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेली. तिने ‘पंख आणि पाणी’ नावाचा गट काढला होता. त्यात एकोणीस माणसं होती. दर रविवारी बांधावर जमायचं, पक्षी मोजायचे आणि आकडे वहीत लिहायचे. हजारो पक्षी कसे मोजायचे, असं सुभाषरावांनी विचारलं.

“पन्नासचा एक तुकडा डोळ्यांत बसवायचा, काका, आणि मग असे तुकडे किती ते बघायचं,” ती म्हणाली.

“आणि ते मध्येच उडाले तर?”

“मग बघायचं. मोजायचं नाही.”

बांधाच्या टोकाला, उघाडीपाशी, मनस्वीची आजी गोजराबाई टोपली घेऊन बसलेली असे. चिखलात उड्या मारणारे निवटे हाताने पकडण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. पहिल्याच दिवशी तिने सुभाषरावांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“त्या नळीतशी काय दिसतं रं बाबा?”

“लांबचं जवळ दिसतं, आजी.”

“आनि जवलचं?”

“ते नाही दिसत नीट.”

“मंग बरा हाय. सोसायटीवाल्यांना तसाच पायजे,” गोजराबाई म्हणाली आणि एक निवटा टोपलीत टाकला.

रोहित इथे का येतात हे मनस्वीने समजावून सांगितलं. ते खाडीच्या चिखलात चरतात. भरती आली की चिखल बुडतो, उभं राहायला जागा उरत नाही. मग ते उडून तळ्यात येतात, ओहोटी लागेपर्यंत थांबतात आणि परत जातात. सुभाषरावांनी मान डोलावली. मान डोलवणं हा त्यांच्या नोकरीचा भाग होता, त्यामुळे ऐकलेलं सगळं मानेतच राहायचं.

जूनमध्ये रोहित गेले. कार्य आटोपून मंडप रिकामा झाल्यावर वाटतं तसं सुभाषरावांना दोन दिवस वाटलं. पण तळ्याने त्यांना फार वेळ उदास राहू दिलं नाही. पावसात बांधावरच्या शिंदीच्या झाडाला सुगरणींनी घरटी टांगायला घेतली, आणि नकाशा नाही, ठेकेदार नाही, तरी एकही घरटं गळत नव्हतं. वर्षभर मातकट अंग चोरून गटाराच्या कडेला बसणारा वंचक नावाचा बगळा एके सकाळी किरमिजी शाल पांघरून हजर झाला. सुभाषरावांना तो ओळखूच आला नाही. इतकी वर्षं टेबलाशी बसलेल्या आपल्यातही अशी एखादी शाल घडी करून ठेवलेली असेल का, असं त्यांच्या मनात आलं. वैशालीबाईंना त्यांनी ते सांगितलं नाही. त्या कपाट बघा म्हणाल्या असत्या.

सप्टेंबर सरताना तुतवार आले. चिमणीएवढा पक्षी, वजनाला लिंबापेक्षा हलका. मनस्वी म्हणाली, हा सैबेरियातून येतो. सुभाषरावांनी दुर्बिणीतून त्याच्याकडे पाहिलं. हिमालयापलीकडून आलेला तो प्राणी चिखलावर उतरला आणि लगेच टिपायला लागला. दमलो म्हणाला नाही. सुभाषरावांनी दुर्बीण खाली घेतली आणि आपण दादर ते नेरूळ सामान हलवलं तेव्हा केवढा आरडाओरडा केला होता ते आठवून थोडा वेळ खाडीकडे तोंड करून उभे राहिले.

हिवाळ्यात चपट्या चोचीची थापटे बदकं आली, काडीसारख्या पायांचे शेकाटे आले, आणि डिसेंबरात पुन्हा ते गुलाबी कापड आलं. सुभाषरावांचा पूर्ण हंगाम मजेत गेला. फक्त एक गोष्ट त्यांना खुपत होती. एवढ्या लांबून आलेले ते पाहुणे तळ्यात घोटाभर, फार तर गुडघाभर पाण्यात उभे असत. कडेला नुसता चिखल. वासही यायचा.

सांगोल्याच्या माणसाला ही गोष्ट किती लागते ते खाडीकाठच्या माणसाला कळायचं नाही. सुभाषरावांच्या गावचं तळं त्यांच्या लहानपणी चार वेळा भरलं होतं. चारही सालं त्यांना पाठ होती. तळं भरलं की सगळं गाव काठावर जायचं, बाया पाण्याची ओटी भरायच्या आणि म्हातारी माणसं नुसती बघत बसायची. आणि दारी कुणीही आलं, तरी आधी तांब्याभर पाणी पुढे व्हायचं, नाव-गाव नंतर. इथे हजारो किलोमीटरवरून आलेल्यांपुढे शहराने घोटाभर पाणी ठेवलं होतं. त्यांना त्या पक्ष्यांसमोर उभं राहायची लाज वाटू लागली.

म्हणून पुढच्या सप्टेंबरात, तळं पावसाने भरलेलं असताना, सुभाषरावांनी निवृत्तीनंतरचा पहिला मसुदा लिहिला. विषय : स्थलांतरित पक्ष्यांच्या सोयीकरिता धारण तलाव क्रमांक ३-ब पूर्ण क्षमतेने भरून मिळणेबाबत. ‘दूरदेशीहून आलेल्या पाहुण्यांना गुडघाभर पाण्यात तिष्ठत उभे राहावे लागणे ही बाब शहराच्या लौकिकास शोभणारी नाही. सबब, उघाडीस फळ्या बसवून पावसाचे पाणी अडविण्यात यावे.’ खाली सही करून अर्ज पालिकेत दिला. कुणाला काही सांगितलं नाही. डिसेंबरात पाहुणे आले, की एकदम सांगायचं असं ठरवलं होतं.

चौतीस वर्षांत त्यांनी हजारो अर्ज लिहिले होते आणि अर्ज लिहिल्याने जगात काहीही घडत नाही हा त्यांचा अनुभव होता. हा अर्ज नवव्या दिवशी मंजूर झाला. फळ्या गोदामात पडूनच होत्या. त्या उघाडीत एकीवर एक बसल्या आणि तळं तुडुंब राहिलं.

दिवाळीत सोसायटीतल्या लोकांनी तळ्यासमोर फोटो काढले. बाराही मजले पाण्यात उलटे दिसत होते. वास गेला होता. मनस्वीच्या गटाला वाटलं, पाऊस लांबलाय, पाणी हळूहळू ओसरेल. सुभाषराव रोज संध्याकाळी काठावर जायचे आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून पाण्याला हात जोडायचे.

डिसेंबरात भरतीच्या वेळी रोहित आले. गुलाबी कापड खाडीवरून तळ्यावर आलं, वळलं. काळं, पांढरं, गुलाबी. सुभाषरावांनी बाल्कनीचा कठडा धरला. कापडाने एक फेरी मारली, दुसरी मारली, तिसऱ्या फेरीत ते इतकं खाली आलं की उतरण्यासाठी खाली सोडलेले पाय दिसले. मग ते वर चढलं आणि उरणकडच्या द्रोणागिरीच्या दिशेने निघून गेलं.

“उतरले का नाहीत हो?” वैशालीबाईंनी विचारलं.

“येतील. पाणी आवडलं असेल, जोडीदारांना सांगायला गेले असतील.”

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी ते तळ्यावर आलेच नाहीत. तळ्यात पाच पाणकावळे आणि एक प्लॅस्टिकची बादली तरंगत होती.

रविवारी गट बांधावर जमला तेव्हा मनस्वीच्या हातात वही होती आणि वहीत रोहितांपुढे शून्य.

“चार-पाच फूट पाणी आहे, काका. ते उभे कुठे राहणार? तुतवारांचं तर बघूच नका, त्यांना बोटभर पाणी लागतं.” तिचा आवाज चढला. “चौकशी केली मी. कुणीतरी अर्ज केलाय म्हणे, पक्ष्यांच्या सोयीसाठी! पक्ष्यांच्या! असा गाढव माणूस या नेरुळात राहतो आणि आपल्याला माहीत नाही!”

एकोणीस माणसांनी त्या माणसाबद्दल आपापली मतं मांडली. सुभाषरावांचंही मत विचारण्यात आलं. “हेतू चांगला असावा,” ते म्हणाले.

“काका, तुम्ही फार साधे आहात.”

मनस्वीने मग मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. द्रोणागिरीकडे कुठल्यातरी कंटेनर यार्डाच्या काँक्रीटवर साठ-सत्तर रोहित उभे होते. मागे रंगीत पेट्यांची भिंत. एक ट्रक भोंगा वाजवत मागे येत होता आणि ते पक्षी, गर्दीत चुकलेल्या माणसांसारखे, चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे करत होते. सुभाषरावांनी तो व्हिडिओ स्वतःच्या मोबाइलवर घेतला आणि त्या दिवशी सात वेळा पाहिला.

पाहुण्यांना आपण पाणी देऊन घराबाहेर काढलं होतं.

मनस्वी स्वस्थ बसणाऱ्यातली नव्हती. माहितीच्या अधिकारात अर्जदाराचं नाव मागवायचं तिने ठरवलं. त्याचा मसुदा तिने गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकला. सुभाषरावांनी तो वाचला, आणि विषयाच्या ओळीतच दोन त्रुटी दिसल्या. ते उठले, पाणी प्यायले, परत बसले. त्रुटी तशाच होत्या. शेवटी त्यांना राहवेना. त्यांनी संपूर्ण अर्ज नव्याने लिहून दिला. स्वतःचंच नाव बाहेर काढायचं, तर ते विलंब न होता निघालं पाहिजे, अशी चोख कलमं त्यांनी त्यात घातली. गटातून पसंतीचे अंगठे आले. मनस्वीने लिहिलं, ‘काका, तुम्ही नसतात तर काय झालं असतं!’

रात्रभर... खरं तर त्यांना पहाटेपर्यंत छान झोप लागली आणि त्याचीच त्यांना सकाळी लाज वाटली. ते उठून थेट बांधावर गेले. गोजराबाई उघाडीच्या काठावर बसली होती. टोपली रिकामी.

“निवटे नाहीत आज?”

“चिखल कय हाय, निवटं यायला? तुमी समदा बुडवलाव.”

सुभाषराव तिच्याशेजारी उकिडवे बसले. मग म्हणाले, “तुमी म्हणजे?”

“तुमी म्हंजे तू. मी काय नळीतशी बगत नाय, मना जवलचं दिसतं.” तिने पानाची पिंक टाकली. “दिवालीला रोज यवून पान्याला हात जोडत व्हतास. दुसरा कोन जोडतो? आमी नाय, आनि ते फोटोवाले बी नाय.”

“आजी, आमच्याकडे पाणी भरलं म्हणजे...”

“तुमच्याकडं पानी येतं नि र्‍हातं. आमच्याकडं येतं नि जातं. र्‍हायला तर कुजतं.” ती खाडीकडे बघत होती. “दर रोज दोन येला खाडी भरते, दोन येला सुकते. त्या सुकल्यावर आमी जगलो, नि ते लालपाये बी. तू त्याचं जानं बंद केलास.”

“आता?”

“पुनवेला मोठा उधान हाय. तवा खाडीत त्यांना उबा र्‍हायला इतभर जागा नसते. त्या दिशी वर येवून बगतील. चिखल दिसला तं उतरतील. नाय दिसला तं यंदा नाय. आनि यंदा नाय तं पुडचा कोनी बगितलाय.”

पौर्णिमा बारा दिवसांवर होती.

सुभाषराव घरी न जाता पालिकेच्या कार्यालयात गेले. तिथले तरुण अभियंते प्रितमसाहेब त्यांना पाहून खुर्चीतून उठले. “इंगवलेसाहेब! तुमचा अर्ज आम्ही नव्या मुलांना नमुना म्हणून दाखवतो. काय भाषा! ‘तिष्ठत उभे राहावे लागणे.’ माझ्या डोळ्यांत पाणी आलं.”

“तळ्यातसुद्धा आलं,” सुभाषराव म्हणाले. “अर्ज मागे घ्यायचाय.”

“मागे? कामाचा अहवाल वर गेलाय. सत्कार्य म्हणून.”

“पक्षी येत नाहीत साहेब.”

प्रितमसाहेबांनी व्हिडिओ पाहिला. दोनदा पाहिला. तो माणूस वाईट नव्हता. त्याने खिडकीतून बाहेर पाहिलं, मग नियमांचं पुस्तक उघडलं. “करता येईल. पण स्थळपाहणी करावी लागेल. अर्जदार जागेवर हजर पाहिजे, स्थानिक लोक हजर पाहिजेत आणि सगळ्यांसमोर अर्जदाराने सांगायचं की काम चुकीचं झालं. पंचनाम्यावर सह्या. त्याशिवाय फळीला हात लावता येत नाही.”

“सगळ्यांसमोरच का?”

“एकट्यात सांगितलं तर पुराव्याला काय?”

पाहणी तीन दिवसांनी, षष्ठीला, साडेअकराला ठरली. त्या वेळी ओहोटी होती. मनस्वीला कार्यालयातून फोन गेला की अर्जदार स्वतः येणार आहे, आणि एकोणिसाच्या एकोणीस माणसांनी रजा टाकली.

बांधावर मोठी दाटी झाली. प्रितमसाहेब पुठ्ठ्यावर कागद लावून उभे, दोन मजूर पहारी आणि दोर घेऊन. गोजराबाई उघाडीपाशी. सुभाषराव गटाच्या मागच्या रांगेत, दुर्बीण गळ्यात.

“अर्जदार हजर आहेत का?”

“हजर असता तर आम्ही त्याला कोरडा ठेवला असता का, सर?” मनस्वी म्हणाली. सगळे हसले. सुभाषरावही हसले, थोडे उशिराने. मग त्यांनी शाळेत करतात तसा हात वर केला.

“हजर.”

“काका, सभासदांची हजेरी नाही,” मनस्वी वळून म्हणाली. “अर्जदार म्हणतायत ते.”

“अर्जदारच हजर आहे.”

पाण्यातल्या एका खुंटावर पाणकावळा पंख पसरून बसला होता. त्याने पंख मिटले. तेवढाच काय तो आवाज झाला.

“माहितीच्या अधिकाराचा अर्ज तुम्हीच लिहून दिलात,” मनस्वी सावकाश म्हणाली.

“हो.”

“त्यात ‘सदर महाभाग’ असं तुम्हीच लिहिलंत.”

“तू ‘गाढव’ म्हणाली होतीस. कार्यालयीन भाषेत बसेना.”

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं, कारण मनस्वीच्या डोळ्यांत पाणी होतं. “पाच वर्षं मोजतेय मी, काका. आजीबरोबर या बांधावर लहानाची मोठी झाले. पाच वर्षांत डिसेंबरात रोहितांपुढे एकही शून्य नव्हतं वहीत.” ती वही छातीशी धरून बांधाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली.

सुभाषरावांना आयुष्यात पहिल्यांदा मसुदा सुचला नाही. प्रितमसाहेबांनी पुठ्ठा पुढे केला, तेव्हा त्यांनी लिहिलं, ‘पाणी सोडावे. माझे चुकले.’

“‘माझे चुकले’ला रकाना नाही, साहेब,” प्रितमसाहेब हळूच म्हणाले.

“शेऱ्यात घ्या.”

फळ्या पाण्याने फुगून दगडासारख्या झाल्या होत्या. मजुराने पहार सर्वांत खालच्या फळीला लावली आणि गोजराबाई कडाडली. “वरची आदी काड रं! खालची काडशील तं फली बी जाईल नि तू बी जाशील, मुंबईच्या तोंडाला!” पहिली फळी निघायला अर्धा तास लागला. दोराला एकोणीस जण लागले, मनस्वीसुद्धा. फक्त ती सुभाषरावांपासून सर्वांत लांबचं टोक धरून होती. फळी सुटली आणि अडलेलं पाणी उघाडीतून खाडीत असं कोसळलं, की त्याचा थरार पायांखालच्या बांधात जाणवला. एकेक करत सात फळ्या निघाल्या. सुभाषरावांनी जन्मात कधी भरलेलं पाणी जाताना पाहून आनंद केला नव्हता. आजही होईना, तरी ते बघत राहिले.

पाणी चार दिवस दर ओहोटीला जात राहिलं. काठाने काळा चिखल वर आला, मग मधल्या उंचवट्यांची पाठ दिसू लागली. वास आला. सोसायटीत त्या वासाविरुद्ध अर्ज करायचं घाटू लागलं आणि मसुद्यासाठी लोक सुभाषरावांकडे आले. ते म्हणाले, “मी आता लिहीत नाही.” वैशालीबाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, “खिडक्या लावून घ्या की!”

पाचव्या दिवशी शेकाटे उतरले. सहाव्या दिवशी तुतवार. गोजराबाईच्या टोपलीत निवटे दिसू लागले. रोहितांचा पत्ता नव्हता. मनस्वी बांधावर यायची, लिहायची, जायची. सुभाषराव नमस्कार करायचे. ती मान हलवायची, पण ‘काका’ म्हणायची नाही.

पौर्णिमेला भरती साडेबाराची होती. अकरापासून सगळे बांधावर होते. उन्हात खाडीचं पाणी हळूहळू फुगत चाललं होतं. तिवरांची मुळं बुडाली, मग खोडं, मग नुसते हिरवे शेंडे पाण्यावर तरंगल्यासारखे दिसायला लागले. सव्वाबाराला खाडीत कुठेच चिखल उरला नाही. उघाडीतून पाण्याची एक जीभ तळ्यात शिरली आणि चिखलावर पातळ पसरली.

“आयले,” गोजराबाई म्हणाली. कुणालाच काही दिसत नव्हतं.

मग दिसलं. क्षितिजावर आधी काळी रेघ. रेघ जाड झाली, हलायला लागली. सुभाषरावांनी दुर्बीण लावली आणि लगेच काढली, तिच्यात ते मावत नव्हते. कापड तळ्यावर आलं, वळलं आणि उरणच्या दिशेने निघून गेलं.  मनस्वीने वही मिटली. खूप लांब गेल्यावर त्या कापडाचं एक टोक वळलं, मग मधला भाग, मग सगळंच, आणि ते पुन्हा आलं. आता ते इतकं खाली होतं की पंखांचा आवाज ऐकू आला, हजारो नव्या साड्या एकाच वेळी झटकल्यासारखा. आवाज डोक्यावरून गेला तेव्हा सुभाषरावांनी नकळत मान खाली घातली. ऊन गुलाबी झालं होतं. प्रत्येकाच्या शर्टावर, मनस्वीच्या वहीवर, गोजराबाईच्या पांढऱ्या केसांवर तो रंग पडून पुढे सरकत होता.

पहिला पक्षी एकटाच उतरला. त्याने पाय खाली सोडले, चिखलाला लावले, उचलले, पुन्हा लावले. उभा राहिला. मान खाली घालून पाण्याची चव घेतली. वरचे सगळे त्याच्याभोवती एक फेरी फिरले.

आणि मग आभाळ खाली आलं. पाय लागत गेले, पळत गेले, थांबत गेले. एक तुकडा, दुसरा, दहावा, आणि मागून अजून येतच होते. पन्नासचा तुकडा डोळ्यांत बसेना. सगळं तळं एका हलक्या आवाजाने भरून गेलं. लांबच्या गावच्या जत्रेतून ऐकू यावी तशी कुजबूज होती ती. आपण बोलावलेलं नाही, आपण काही दिलेलं नाही, आपण फक्त मधून बाजूला झालो आहोत, एवढंच सुभाषरावांच्या लक्षात येत होतं, आणि एवढं लक्षात येण्यानेच त्यांचे डोळे भरून आले होते. पुसायला हात वर करणं शक्य नव्हतं. सर्वांत जवळचा पक्षी दहा हातांवर होता. त्याचा डोळा पिवळसर तांबडा होता आणि तो त्यांच्याकडे बघत होता.

किती वेळ गेला कोण जाणे. शेजारी कुणीतरी अगदी हळू, पाऊल न वाजवता येऊन उभं राहिलं.

“काका,” मनस्वी कुजबुजली. “पाय.”

सुभाषरावांनी खाली पाहिलं. बांधाच्या कडेला त्यांची उजवी चप्पल कधीतरी चिखलात रुतली होती. पाय त्यांनी बाहेर काढला होता, पण तो टेकला असता तर आवाज झाला असता, म्हणून तो तसाच हवेत धरला होता. बासष्ट अधिक दोन वर्षांचा माणूस एका पायावर उभा होता, आणि ते त्यांच्या लक्षातही राहिलं नव्हतं.

“टेकू?” त्यांनी ओठ न हलवता विचारलं.

“अजिबात नाही,” ती म्हणाली. तिने वही खांद्यावरच्या पिशवीत सरकवली आणि आपला खांदा त्यांच्या हाताखाली आणून ठेवला. “ओहोटी लागेपर्यंत हलायचं नाही.”

सुभाषरावांनी घड्याळ पाहिलं नाही. समोरच्या हजारोंनी एकेक पाय पिसांत ओढून घेतला होता आणि माना पाठीवर टाकल्या होत्या.